संध्याकाळची गोळी

इंगळे मॅडम भर उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्या असलेलं ब्लाउज घालायच्या. देऊळघाटच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा त्यांच्याविषयी मला सगळ्यांत आधी हेच सांगण्यात आलं. कुणी म्हणे, बाई जुन्या वळणाच्या आहेत. कुणी म्हणे, अंगावर कोड असेल. वीज गेली की स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याजणी पदराने वारा घेत बसायचो. मॅडम मात्र बाह्यांची बटणं तशीच ठेवून, कपाळावरचा घाम रुमालाने टिपत एखाद्या मुलाचे पाढे ऐकत असायच्या.

त्यांची दुसरी सवय अशी, की जे करायचं ते त्या आधी बोलून दाखवत. "आता मी उठून राह्यली," म्हणायच्या आणि मग उठायच्या. "आता मी खिडकी लावून राह्यली, आवाज होईन," आणि मग खिडकी. आमच्या एका सरांनी त्यांची नक्कल बसवली होती. मॅडम बाहेर गेल्या की ते ती करून दाखवत. पहिलीतल्या पोरांना मात्र या सवयीचा फार आधार वाटे. मॅडम म्हणाल्या, "आता मी फळा पुसून राह्यली, धूळ उडंन," की सगळा वर्ग एकदम डोळे मिटून घ्यायचा. पहिल्यांदाच घर सोडून आलेली रडकी, बुजरी मुलं त्यांच्या वर्गात लवकर रुळायची. याचं कुणी कौतुक केलं तर म्हणत, "अचानक काही करू नये मानसानं. समोरच्याले भेव लागते."

आम्ही दोघी बुलढाण्यात राहायचो आणि एकाच काळीपिवळी जीपमधून देऊळघाटला जायचो-यायचो. माझ्याहून त्या बऱ्याच मोठ्या. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'सीमा' म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या डब्यावर हक्क सांगितला. त्यांच्या डब्यात रोज फिकी मुगाची खिचडी नाहीतर दहीभात. माझ्याकडे ठेचा, लसणाची चटणी, काहीही झणझणीत असलं की त्या चवीने, बोटं चाटून खायच्या. "माह्या घरी फोडनी बंद आहे," एवढंच सांगत. घरी कोण कोण असतं, याचं उत्तर ठरलेलं होतं: "मी अन् माहा भाऊ." त्यापुढे काही नाही. घरी कधी कुणाला बोलावलं नाही. कुणाच्या लग्नाला, बारशाला त्या गेल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. आहेर मात्र दुसऱ्या दिवशी न चुकता शाळेत आणून देत.

एका रविवारी शाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिल्याचं लक्षात आलं. सोमवारी माझी रजा होती, म्हणून पत्ता विचारत मी त्यांच्या घरी गेले. मेहबूबभाईंच्या पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत त्या भाड्याने राहत. गिरणी चालू होती. तिच्या मागच्या भिंतीला दोन्ही तळहात आणि एक गाल लावून एक उंच, शिडशिडीत माणूस उभा होता. तिशी उलटलेली असावी. डोळे अर्धवट मिटलेले, आणि घशातून गिरणीच्या आवाजात आवाज मिळवून एकसारखं 'हूंऽऽ' चाललेलं. इतका सुखात असलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेन.

मॅडम दारात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "दिनू, सीमा आली. माह्या शाळेतली. बसंन, अन् जाईन."

तेवढ्यात वीज गेली. गिरणी घरघरत मंदावली आणि थांबली.

"लाइट गेली, दिनू," मॅडम ताट बाजूला ठेवत म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसाच, संथ. "लाइट गेली. येईन. गिरणी चालू होईन." पण तो आधीच भिंतीवर कपाळ आपटू लागला होता. मॅडमनी पुढे होऊन भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात घातला. तसा त्याने त्यांचा हात धरला आणि कोपराखाली चावा घेतला. मी ओरडले. मॅडम ओरडल्या नाहीत. हात ओढलासुद्धा नाही. दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्या म्हणत राहिल्या, "आता सोडून राह्यला तू. हळूहळू सोडून राह्यला." बऱ्याच वेळाने त्याने सोडला, आणि खाली बसून तो स्वतःच रडू लागला.

आत जाऊन मॅडमनी बाही वर करून हळद दाबली तेव्हा मला त्यांचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत खुणाच खुणा. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या, काही अजून जांभळ्या.

"ओढला की मांस येते," कांदा चिरताना घ्यायची काळजी सांगावी तशा त्या म्हणाल्या. "गप राह्यलं तं नुसते दात उमटतात. शाळेत सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्या दिवसानंतर मॅडम माझ्याशी बोलू लागल्या. काळीपिवळीच्या मागच्या सीटवर, तुकड्यातुकड्याने. दिनू लहानपणी बोलेना तेव्हा घरच्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याच्या जिभेखालचा धागा कापून आणला. मग दर्ग्यावरचे गुरुवार झाले, गंडेदोरे झाले. 'मुका', 'येडा', 'बाहेरचं', अशी त्याची नावं बदलत गेली. 'ऑटिझम' हा शब्द मॅडमनी पहिल्यांदा ऐकला तो शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. समोरचे गृहस्थ सांगत होते, अशा माणसाला आवाज कसे टोचतात, तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा कशी करतो, दिवसाची घडी थोडी विस्कटली तरी तो कसा घाबरतो.

"मले वाटलं, हा मानूस आमच्या घरी येऊन गेला काय," मॅडम म्हणाल्या. "सगळे लिहून घेऊन राह्यले होते अन् मी रडून राह्यली होती. बाजूची म्हने, काय झालं हो? म्हटलं, डोळ्यात कचरा गेला."

तोवर दिनूची विशी उलटली होती.

त्यांच्या लग्नाचं विचारायची माझी हिंमत नव्हती. ते त्यांनीच सांगितलं, आणि हसत सांगितलं. पाहुणे बघायला यायचे तेव्हा वडील दिनूला शेजारी नेऊन ठेवायचे. एकदा मॅडमनी त्याला जाऊच दिलं नाही. चहाचा ट्रे आईच्या हाती दिला आणि स्वतः दिनूचा हात धरून बैठकीत आल्या.

"म्हटलं, हा माहा भाऊ. हा माह्यासंगं येईन. पाहुन्यायचा चहा कपातच राह्यला!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. शाळा जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्याच्यातला एक जन चांगला होता. निंगताना त्यानं दिनूले रामराम केला."

वडील लवकर गेले होते. मी शाळेत यायच्या आदल्या वर्षी आईही गेली, आणि तेव्हापासून दिनूचं बिघडत गेलं. आई कुठे गेली हे त्याला कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं, आणि सांगणार तरी कसं. तो पलंगाखाली, मोरीत, गिरणीत तिला शोधायचा, सापडली नाही की स्वतःला मारायचा. मॅडम शाळेत असताना मेहबूबभाई गिरणीतून त्याच्यावर लक्ष ठेवायचे. मोठा सरळ माणूस. भाडेकरू म्हणून ते कधी मॅडमना तोडून बोलले नाहीत. पण दिनूच्या भुवईवर टाके पडले त्या दिवशी ते दारात येऊन म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाले काढनार नाही, ते मनात आनू नका. पन एक दिवस याचा डोळा जाईन. कुछ दवा करो."

औषधाचं नाव काढलं की मॅडम चिडायच्या. "गोळ्या देऊन झोपवून ठेवू काय त्याले? तो काय रोगी आहे?" असं मलाही त्यांनी एकदोनदा सुनावलं होतं. या वेळी मात्र त्या चिडल्या नाहीत. दोन दिवसांनी शाळेतून परत येताना म्हणाल्या, "अकोल्याले एक डॉक्टरीन आहे म्हनतात. बसमध्ये त्याचा दुसरा हात धराले कोनी पाह्यजे."

मी दुसरा हात धरला. बस सुटण्याआधी मॅडमनी त्याला सगळा रस्ता सांगितला. आता बस निघेल, आता घाट येईल, मग वळणं, मग खामगाव, तिथे बस थांबेल आणि लोक चढतील. आजूबाजूचे प्रवासी वळून वळून बघत होते. मॅडम कुणाकडेही न बघता सांगत राहिल्या.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या आणि रोखठोक होत्या. दिनूने खोलीत आल्या आल्या कूलरच्या पत्र्याला गाल लावला. त्यांनी त्याला तिथेच राहू दिलं आणि मॅडमकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. ऑटिझमवर गोळी नाही. याने तो बोलायला लागेल, बदलेल, असं काही होणार नाही. मी देते ते फक्त या भडक्यासाठी. चावणं, डोकं आपटणं कमी व्हावं म्हणून. भूक वाढेल, वजन वाढेल, सुस्ती येईल. वजन आणि साखर तपासत राहावं लागेल. हातपाय कडक वाटले, थरथरले, तर लगेच मला कळवायचं. आणि मला न विचारता एकदम बंद करायचं नाही."

मॅडम मान हलवत होत्या. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "तुमचे हात दाखवा."

"माहे काऊन? पेशंट तो आहे."

"दाखवा."

मॅडमनी बाहीचं बटण काढलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "नीट झोप कधी लागली होती शेवटची?"

मॅडमनी नुसता हात हलवला आणि त्या बाह्यांची बटणं लावू लागल्या. कूलरपाशी दिनू 'हूंऽऽ' करत होता.

औषध रोज संध्याकाळी द्यायचं होतं. छोटीशी गोळी. तिने काम केलं. काही आठवड्यांत दिनूचं आपटणं थांबलं. वीज जायची, गिरणी थांबायची आणि तो नुसता मान वर करून बघायचा. एके दिवशी मॅडम कोपरापर्यंतच्या बाह्यांचं ब्लाउज घालून शाळेत आल्या. नक्कल करणारे सर त्यांच्या हातांकडे पाहतच राहिले. त्यांनी ती नक्कल पुन्हा केल्याचं मला आठवत नाही.

ते दिवस मॅडमच्या आयुष्यातले बहुधा सगळ्यांत सोपे दिवस होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्या दिनूला घेऊन आल्या. पंगतीत बसून त्यांनी मसालेभात दोनदा मागून घेतला. आणि एका सकाळी गाडीत बसता बसता, घरात मूल जन्मल्याची बातमी द्यावी तसं त्यांनी मला सांगितलं, "सीमा, काल मी फोडनी देली. मोहरी तडतडली. त्यानं नुसतं पाह्यलं!"

पण भूक आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती तशीच, पण सांगितलेली भूक आणि घरात शिरलेली भूक यांत फरक असतो. दिनू जेवण होताच पुन्हा ताटाशी येऊन बसायचा. कच्चे तांदूळ खायचा, गिरणीत जाऊन लोकांच्या डब्यांतलं पीठ तोंडात भरायचा. मॅडमना स्वयंपाकघराला कुलूप लावावं लागलं. तो कुलपाला हात लावून उभा राहायचा, आणि मॅडम दाराच्या आत बसून, आवाज न करता जेवायच्या. वर्षभरात शिडशिडीत दिनू ओळखू येईना इतका सुजला. चालताना पाय ओढू लागला. कोपऱ्यात बसवलं की बसून राहायचा. गिरणी सुरू झाली तरी भिंतीपाशी जाईना, आणि त्याचं ते 'हूंऽऽ' बंद झालं.

आळीतल्या बायका म्हणायच्या, "आता कसा शहान्यासारखा बसते बाई!" एकीला मॅडमनी दारातच विचारलं, "बसते म्हंजे बरा झाला काय? भिंतपन बसूनच राह्यते." ती बाई पुन्हा आली नाही. आधीच येणारी माणसं थोडी होती.

त्याच सुमारास एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. दिनू कोपऱ्यात बसला होता, ओठाच्या कडेने लाळ गळत होती. मॅडम ती पदराने पुसत म्हणाल्या, "तुले एक सांगू? घरात कोनी नाही असं वाटते मले. आधी मारत होता, चावत होता, पन होता. आता मी बोलतो तं माहाच आवाज मले ऐकू येते."

"डॉक्टरना सांगितलं का?"

"वजनाचं सांगतलं. त्यायनं खानंपिनं, चालनं, सगळं बदलून देलं." मग त्या म्हणाल्या, "बाकीचं नाही सांगतलं. गोळी कमी केली अन् पुन्हा तेच सुरू झालं तं? मलेबी झोप पाह्यजे ना, सीमा."

ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की जणू कोपऱ्यातल्या दिनूने ते ऐकू नये.

मग दाताचं झालं. दिनू एका बाजूने चावतो आहे असं मॅडमना वाटलं, पण तो खात होता, भांडत नव्हता, म्हणून दोनचार दिवस गेले. एका सकाळी उठला तो गाल फुगलेला आणि अंगात ताप. दंतवैद्याने तोंड उघडून पाहिलं तर दाढेखाली पू साठून हिरडी फुटायला आली होती. इतकं होईपर्यंत हा माणूस गप्प कसा राहिला, असं त्यांनी सहज विचारलं. मॅडम दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्या तिथेच होत्या.

"आधी त्यानं सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "डोकं आपटून सांगतलं असतं, मले चावून सांगतलं असतं. त्याच्याजवळ तेवढीच भाषा होती, सीमा. तेच आपन बंद केली."

आठवड्याने त्या अकोल्याला गेल्या तेव्हाही मी सोबत होते. मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. "हे गोळी मले बंद करायची आहे," उभ्याउभ्याच म्हणाल्या. दाताचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर त्या दिनूच्या हाताची बोटं वाकवून बघत म्हणाल्या, "दुखत होतंच, फक्त ते बाहेर आलं नाही. यापुढे तो अचानक बदलला, जास्त भडकला किंवा जास्त गप्प झाला, तर आधी दात, कान, पोट बघायचं. आणि सुस्तीचं, लाळेचं तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं. आपण हळूहळू उतरवू. पण पूर्ण बंद नको."

"काऊन?"

"कारण त्या घरात तुम्हीही राहता."

मॅडम खाली बसल्या. परतीच्या बसमध्ये त्या दिनूला रस्ता सांगत होत्या, पण मधेच थांबायच्या. घाट लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे गोळी अर्धी त्याची आहे, अन् अर्धी माही आहे. तो माहीबी खाऊन राह्यला."

औषध उतरत गेलं तसा दिनू थोडा थोडा परत आला. वजन पुरतं उतरलं नाही. पण गिरणी सुरू झाली की तो उठू लागला, आणि एका दुपारी मेहबूबभाई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी धावत येऊन मॅडमना म्हणाले, "मॅडम, आवाज करून राह्यला! आ के सुनो!" मॅडम जाऊन त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. अधूनमधून चावेही परत आले. पहिल्यासारखे नाहीत, पण आले. मॅडम आता मनगटाच्या थोड्या वर संपणाऱ्या बाह्या शिवून घेऊ लागल्या. "पाऊन बाही," मला हात दाखवून म्हणाल्या, "तोबी सुखी, मीबी सुखी."

त्यानंतर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. मेहबूबभाईंच्या मुलांनी गिरणी काढून तिथे दुकानांचे गाळे बांधायचं ठरवलं, तेव्हा मॅडम दिनूला घेऊन दुसरबीडला गेल्या. तिथे त्यांच्या आईच्या माहेरचं, बिनवापराचं पडलेलं दोन खोल्यांचं घर होतं. घर मोकळ्यावर होतं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागत नव्हती, म्हणून त्यांना ते बरं वाटलं. फोनवर बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे दिनूने काय खाल्लं आणि कसा झोपला. स्वतःचं विचारलं की, "मले काय होते?"

गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे जालन्याला निघाले होते. वाटेत दुसरबीडला उतरले. मॅडम फार वाळल्या होत्या. दारातून मला बघून आधी आत वळून म्हणाल्या, "दिनू, सीमा आली," आणि मगच माझा हात धरला. दिनूचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते. तो परसात कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, पण उठूनही गेला नाही.

चहा पिताना कळलं की मॅडमच्या छातीत दुखलं होतं आणि त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. फोनवर त्यांनी हे सांगितलंच नव्हतं.

"तितके दिवस त्यानं कोनाच्याच हातून गोळी घेतली नाही," त्या म्हणाल्या. "सांभाळाले आलेल्या चुलतभावानं जबरदस्ती केली तं त्याले चावला. गोळी एकदम बंद पडली, काय होईन दुसरं? मी आली तं सगळं कपाळ फुटलेलं. तवाच ठरवलं. माह्या हाताची सवय मोडली पाह्यजे."

ती सवय मोडायचं काम चालू होतं. समोरच्या किराणा दुकानातली शमीम, चाळिशीची, हसऱ्या तोंडाची बाई, त्यात मदत करत होती. मॅडमना ती 'बाजी' म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. आधी कितीतरी दिवस ती नुसती दारात उभी राहायची. मग मॅडमच्या बाजूला. मग पाण्याचा पेला तिच्या हातात आणि गोळी मॅडमच्या. मग गोळी तिच्या हातात आणि मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आता शेवटचं उरलं होतं, की मॅडम घरात नसतील. आदल्या आठवड्यात त्यांनी ते दोनदा करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा दिनूने तळहात झटकून गोळी पाडली होती.

"आज तुले बसवर सोडाले येतो. तेवढंच निमित्त," मॅडम म्हणाल्या. दिनूजवळ जाऊन त्याला सांगितलं, "आता मी बाहेर जाऊन राह्यली. शमीम गोळी देईन." तो बुंध्यावरची साल नखाने खरवडत राहिला.

थांबा घरापासून फार लांब नव्हता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. सूर्य रस्त्यापलीकडे उतरला होता, मालट्रक धूळ उडवत जात होते. मॅडम मांडीवर पिशवी घेऊन, मान किंचित गल्लीकडे कलती करून बसल्या होत्या. मी काहीतरी बोलत होते. त्या 'हाव, हाव' म्हणत होत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. घराकडून आरडाओरडा आला नाही. काही आपटल्याचं ऐकू आलं नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी शमीम आली. ओढणी सावरत, जवळजवळ पळतच. "घेतली! बाजी, पूरी घेतली! पानी पन पिला!"

मॅडम उठल्या नाहीत. "मले शोधलं काय त्यानं?"

"नाही ना!" शमीमला वाटलं, ही त्याहून चांगली बातमी आहे. "आवाज भी नाही केला. दरवाजाकडे पाह्यलं पन नाही. गोळी खाल्ली अन् बसला झाडाखाली."

"चांगलं झालं," मॅडम म्हणाल्या. शमीम दुकान उघडं टाकून आली होती, ती लगेच परत गेली. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "लय चांगलं झालं." पिशवीचे बंद त्यांनी बोटांना गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"चला, तुम्ही जा आता घरी," मी म्हणाले. "गारठा वाढतोय. बस येईल माझी."

"नाही, बसतो थोडी. लगेच गेली तं त्याले वाटंन, गोळी झाली की ताई येते. तसं नको." रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ताई येनार नाही, असंबी राह्यलं पाह्यजे ना एखाद दिवशी."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो घेऊ दिला.

बस आली. मी चढले आणि खिडकीपाशी बसले. कंडक्टर दारात उभा होता. एकटी म्हातारी बाई पिशवी घेऊन बाकावर बसलेली पाहून त्याने हाक दिली, "मावशी, चला ना, जागा आहे!"

मॅडमनी मान हलवली.

"मंग कोनती गाडी पाह्यजे तुम्हाले?"

"कोनतीच नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही."

त्याने घंटी दिली. बस हलली तेव्हा मॅडम डोक्यावरून पदर घेत होत्या. गल्लीकडे त्यांची पाठ होती, आणि घरातला दिवा अजून कुणी लावलेला नव्हता.